लदेणी कोणत्या कलमात बसते?

रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला उभे राहायला जागा मिळत नाही, म्हणून मी तिथे एरवीच्या दिवशी जातो. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले हे गाव म्हणजे बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांची समाधी इथे, जगदंबेचे देऊळही इथेच. महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, आंध्र, कर्नाटकातूनही लोक येतात. ऑक्टोबर २०२४मध्ये इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची ती इमारत पाहायला काही महिन्यांनी मी गेलो होतो. परतताना देवळाच्या पायरीवर जरा टेकलो.

शेजारी एक पोरगा मांडीवर स्पर्धा परीक्षेचे पुस्तक घेऊन बसला होता. नागरिकत्वाचे प्रकरण उघडे होते. त्याच्या आजीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागदांची चळत. नातवाच्या जातीच्या दाखल्याचे काम अडले होते. विमुक्त जातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक धरतात. आपले वाडवडील त्या तारखेपूर्वीपासून महाराष्ट्रात राहत होते, हे कागदाने दाखवावे लागते. खिडकीवरून तोच कागद मागितला होता. आजी म्हणाली, “आमी तं चालत राह्यलो बापा. कागद कुठी ठेवाव?”

पोराने पुस्तकातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. ती दाखवत तो म्हणाला, “काका, यात लिहिलंय की विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांसाठी ज्यानं विशेष सेवा केली, त्याला सरकार अटी माफ करून नागरिकत्व देऊ शकतं. मग आमची लदेणी यातल्या कोणत्या शब्दात बसते?”

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेण्याचा बंजाऱ्यांचा जुना धंदा. पोरगा अर्धवट थट्टेत विचारत होता, पण मला उत्तर देता आले नाही. मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. मिळेल ते वाचत आणि टिपणे काढत आलेला माणूस आहे. त्या प्रश्नाने पुढचे कित्येक महिने मला कायद्याच्या आणि इतिहासाच्या पुस्तकांत गुंतवून ठेवले. त्यातून हाती लागले ते इथे मांडतो.

पाच वाटा आणि एक खिडकी

आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५०पासून अमलात आली. नागरिकत्वाची ५ ते ९ ही कलमे मात्र २६ नोव्हेंबर १९४९लाच लागू झाली. घर सुरू करण्याआधी घरात कोण कोण आहे, हे ठरवणे भागच होते. हे काम सोपे नव्हते. या कलमाने मसुदा समितीची डोकेदुखी किती वाढवली, हे डॉ. आंबेडकरांनी ऑगस्ट १९४९मध्ये संविधान सभेत बोलून दाखवले होते. त्याच चर्चेत आपल्या अमरावतीच्या पंजाबराव देशमुखांनी तक्रार केली, की या मसुद्यामुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होऊन बसेल. नुसता इथे जन्म झाला म्हणून नागरिकत्व मिळावे, हे त्यांना पटत नव्हते. त्यांनी धर्माचा आधार घेणारी दुरुस्ती मांडली. सभेने ती स्वीकारली नाही.

नागरिकत्व स्वस्त असावे की महाग, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. माझे आजोबा वाशीमकडचे. ते जन्मले तेव्हा वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि कारभाराने इंग्रजांचे होते. त्यांनी देशासाठी काय केले, असे १९५०मध्ये त्यांना कुणी विचारले नाही. इथे जन्मले आणि इथेच राहतात, एवढे पाचव्या कलमाला पुरले. पंजाबरावांच्या भाषेत हे स्वस्तच म्हणायचे. पण त्या स्वस्ताईमुळेच खेड्यापाड्यांतले कोट्यवधी लोक एका रात्रीत, कुणापुढे हात न पसरता, नागरिक झाले.

पुढे संसदेने १९५५चा नागरिकत्व कायदा केला. त्यात पाच वाटा आहेत. पहिली जन्माची, तिसऱ्या कलमात. दुसरी वंशाची, म्हणजे परदेशी जन्मलेल्या पण आई-बाप भारतीय असलेल्या मुलांची. तिसरी नोंदणीची. भारतीय वंशाचे लोक आणि भारतीयांशी लग्न केलेले परदेशी या वाटेने येतात. चौथी आहे परक्या माणसाला अर्जावरून आपल्यात घेण्याची. परीक्षेची पुस्तके तिला देशीयकरण म्हणतात, आणि ती सहाव्या कलमात आहे. पाचवी वाट म्हणजे एखादा प्रदेशच देशाला जोडला जाणे. गोव्याच्या लोकांना १९६२च्या एका आदेशाने २० डिसेंबर १९६१पासून नागरिक मानले गेले, ते या वाटेने.

यांतली जन्माची वाट पुढे अरुंद होत गेली. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात इथे जन्मलेला, काही मोजके अपवाद सोडले तर, जन्मानेच नागरिक. १ जुलै १९८७पासून आई-बापांपैकी एक जण तरी नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आज जन्मलेल्या मुलाच्या हक्काचा पुरावा त्याच्या आई-बापांच्या कागदांत शोधावा लागतो.

पोराने रेघ मारलेले वाक्य चौथ्या वाटेवरचे आहे. या वाटेच्या अटी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दिल्या आहेत. अर्जदाराने अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात राहिलेले असावे आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी एकूण किमान अकरा वर्षे इथे काढलेली असावीत. चारित्र्य चांगले असावे. आधीचे नागरिकत्व सोडण्याची तयारी असावी. पुढे भारतातच राहण्याचा इरादा असावा. घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक तरी भाषा पुरेशी येत असावी. याला जोडूनच ती सवलत येते: विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा एकूण मानवी प्रगती यांसाठी ज्याने विशेष सेवा केली आहे, असे केंद्र सरकारचे मत झाले, तर यांतली कोणतीही अट किंवा सगळ्याच अटी माफ होऊ शकतात.

या वाक्यात दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. एक म्हणजे ‘सरकारचे मत झाले तर’. कोणते काम विशेष, याची मोजपट्टी कायद्यात दिलेली नाही. दुसरी म्हणजे ‘होऊ शकतात’. योगदान कितीही मोठे असले, तरी त्याने हक्क तयार होत नाही. योगदानामुळे फक्त अटींची खिडकी उघडू शकते. अर्ज मंजूर करताना किंवा नाकारताना सरकारने कारणे दिलीच पाहिजेत असे नाही, हे चौदाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. आणि मंजुरीनंतरही शपथ घ्यावीच लागते.

सन्मान आणि नागरिकत्व यांची आपण नेहमी गल्लत करतो. खान अब्दुल गफार खान यांना १९८७मध्ये आणि नेल्सन मंडेला यांना १९९०मध्ये भारतरत्न मिळाले. त्यामुळे ते भारताचे नागरिक झाले नाहीत. मानद नागरिकत्वाची सोय आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत ती आहे, पण आजवर ती जेमतेम आठ जणांच्या वाट्याला आली. त्यांत विन्स्टन चर्चिल आहेत आणि मदर तेरेसाही. आपल्याकडे नागरिक व्हायचे तर पूर्ण व्हायचे. हातातला दुसऱ्या देशाचा पासपोर्ट सोडावाच लागतो.

टॉमस पेनचे तीन देश

योगदानावर नागरिकत्व देण्याची कल्पना आधुनिक जगात ठसठशीतपणे पुढे आली ती फ्रान्सच्या राज्यक्रांतीत. २६ ऑगस्ट १७९२ रोजी तिथल्या विधिमंडळाने ठराव केला, की ज्या परदेशीयांनी आपल्या लेखणीने आणि धैर्याने स्वातंत्र्याची बाजू घेतली, ते फ्रेंच नागरिक. त्या यादीत जॉर्ज वॉशिंग्टन होते, बेंथम होते, जर्मन कवी शिलर होते, आणि टॉमस पेनही होते.

पेन हे नाव मराठी वाचकाला परके नाही. त्यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ हे पुस्तक जोतीराव फुले यांनी १८४७च्या सुमारास वाचले. माणसाचे हक्क जन्माने येतात, ते कुणी दिलेले नसतात, हा विचार जोतीरावांना त्या पुस्तकात सापडला.

आता त्याच पेन यांचे पुढे काय झाले ते पाहा. फ्रान्सच्या नव्या सभेवर ते निवडून गेले. राजाला मृत्युदंड देऊ नये, असे मत त्यांनी दिले. डिसेंबर १७९३मध्ये त्यांना तुरुंगात टाकण्यात आले, आणि तेव्हा फ्रान्सच्या लेखी ते पुन्हा परदेशी झाले होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी ज्यांनी लेखणी झिजवली, त्या पेन यांच्यासाठी पॅरिसमधल्या अमेरिकन वकिलाने जोर लावला नाही. त्यांच्या जागी आलेल्या जेम्स मन्रो यांनी ‘हा आमचा नागरिक आहे’ असा दावा केला, तेव्हा कुठे नोव्हेंबर १७९४मध्ये त्यांची सुटका झाली. पुढे १८०६मध्ये अमेरिकेतल्या न्यू रोशेल गावी ते मत द्यायला गेले, तर तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले. जन्म इंग्लंडचा, काम तीन देशांचे, आणि ऐन वेळी एकाही देशाचा पत्ता नाही. जन्मसिद्ध हक्कांवर पुस्तक लिहिणाऱ्याच्या नशिबी मर्जीवर मिळालेले नागरिकत्व आले. मर्जी फिरली तसे तेही फिरले.

कासेगाव आणि फलटण

पेन यांच्याकडून जोतीरावांकडे आलेला धागा पुढे एका अमेरिकन बाईंच्या हाती गेला. गेल ऑम्व्हेट यांचा जन्म १९४१ साली मिनियापोलिसचा. महाराष्ट्रातल्या सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कली विद्यापीठात प्रबंध लिहिला. तो १९७३मध्ये पूर्ण झाला. १९७६मध्ये त्यांनी भारत पाटणकर यांच्याशी लग्न केले, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला घर केले, आणि १९८३मध्ये भारताचे नागरिकत्व घेतले. दुष्काळ, धरणग्रस्त, स्त्रियांचे जमिनीवरचे हक्क या प्रश्नांवर त्या चालल्या, बोलल्या, लिहीत राहिल्या. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले.

दुसऱ्या मॅक्सिन बर्नसन. त्याही अमेरिकेतून आल्या, १९६०च्या दशकात फलटणला स्थायिक झाल्या आणि १९७८मध्ये भारतीय नागरिक झाल्या. फलटणमधले वेगवेगळ्या जातींचे आणि थरांचे लोक मराठी कशी बोलतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. अभ्यास झाला, पदवी मिळाली, की निघून जायचे, ही परदेशी संशोधकांची नेहमीची रीत. बाईंनी ती पाळली नाही. ज्या मुलांच्या बोलीला शाळेत हसतात, ती मुले वाचायला का शिकत नाहीत, या प्रश्नाचा त्यांनी पिच्छा पुरवला. प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६मध्ये सुरू झालेले कमला निंबकर बालभवन ही त्या प्रश्नाची फळे.

आणखी नावे आहेत. व्हेरियर एल्विन १९२७ साली इंग्लंडहून आले ते आधी पुण्यात, ख्रिस्त सेवा संघात. पुढे त्यांनी मध्य भारतातल्या गोंड-बैगांमध्ये आयुष्य काढले आणि १९५४मध्ये, म्हणजे आजचा नागरिकत्व कायदा होण्याआधीच, ते भारताचे नागरिक झाले. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली कोलकात्याला आले, भारतीय झाले आणि १९६४मध्ये भुवनेश्वरला वारले. बेल्जियममध्ये जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ २००२मध्ये नागरिक झाले.

या माणसांची चरित्रे वाचताना मला एक गोष्ट जाणवत राहिली. नागरिकत्व मिळावे म्हणून यांतल्या कुणी काम केले नाही. कामच त्यांना इथे घेऊन आले, त्यानेच त्यांना इथे रोवले, आणि कागद मागाहून आला. कायद्याच्या कोणत्याही दारातून आत या, उंबऱ्यावर काहीतरी ठेवावे लागतेच. अमेरिकेचा पासपोर्ट मिळावा म्हणून आपल्याकडची हुशार मुले रात्री जागवत असताना या बायकांनी तो परत केला. देशाने त्यांना काय दिले, याचा हिशेब आपण मांडतो. त्यांनी काय सोडले, तो हिशेब राहून जातो.

सवलतीच्या कलमाची चर्चा अलीकडे झाली ती गायक अदनान सामी यांच्यामुळे. लंडनमध्ये जन्मलेले आणि पाकिस्तानी नागरिक असलेले सामी २००१मध्ये भारतात आले आणि मुंबईत राहिले. १ जानेवारी २०१६पासून ते भारताचे नागरिक झाले. त्या वेळी वर्तमानपत्रांनी कलेसाठी विशेष सेवेची हीच तरतूद छापली होती. २०२०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाजूने आणि विरुद्ध भरपूर आवाज उठले. गाण्याला किती गुण द्यायचे, यावर देशभर वाद झाला. मतावर चालणाऱ्या कलमाचे असेच होणार. एकाचे योगदान दुसऱ्याला योगदान वाटत नाही.

वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोची भाकरी

आता उलट्या दिशेची एक गोष्ट, आपल्या विदर्भाची. पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्यात जन्मले. तरुणपणी क्रांतीच्या ओढीने देश सोडला. अमेरिकेत ते शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत पडले, पहिल्या महायुद्धात इराणच्या मुलखात इंग्रजांशी लढले. इंग्रजांच्या काळ्या यादीत नाव गेल्याने घरची वाट बंद झाली. १९२४मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. त्यांनी मक्याच्या जातींवर संशोधन केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभारल्या. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांच्या स्नेहातले. ‘आमची रोजची भाकरी’ या अर्थाचे नाव असलेल्या त्यांच्या भित्तिचित्रात खानखोजे लोकांमध्ये बसून भाकरी मोडताना दिसतात. २०२२मध्ये चापिंगोला त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ते करायला भारताच्या लोकसभेचे अध्यक्ष गेले होते.

देश स्वतंत्र झाल्यावर खानखोजे परत यायला निघाले. त्यांना भारताचा व्हिसा मागावा लागला, आणि तो आधी नाकारला गेला. इंग्रज गेले होते, पण त्यांची काळी यादी कपाटात तशीच होती. पुढे तो निर्णय बदलला. खानखोजे नागपूरला राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले.

ज्या स्वातंत्र्यासाठी माणूस देशोधडीला लागला, ते आल्यावर त्याच्याकडे पाहिले गेले ते जुन्या नोंदवहीच्या चष्म्यातून. योगदान लोकांच्या आठवणीत राहते. संशय मात्र फाइलीत राहतो, आणि अर्जावर शेरा मारणाऱ्याच्या हाताशी फाइल असते. हे लक्षात आले आणि मी पुन्हा पोहरादेवीच्या पायरीवर येऊन पोहोचलो.

वऱ्हाडच्या वाटेवरचे बैल

सप्टेंबर १८०३मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढाई झाली. नोव्हेंबरात अडगावची, डिसेंबरात गाविलगडाची. या तिन्ही ठिकाणी इंग्रजी फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली होता, पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तोच. त्याच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ हा शब्द वारंवार येतो. ब्रिंजारी म्हणजे आपले बंजारे. त्यांचे बैल धान्य घेऊन पोहोचले नाहीत, तर फौज हलत नसे. त्याआधी मोगलांच्या फौजाही बंजाऱ्यांच्याच पाठबळावर दक्षिणेत उतरल्या होत्या. फौजा सोडल्या, तरी समुद्राकाठचे मीठ वऱ्हाडातल्या चुलीपर्यंत आणणारे पाय याच लोकांचे. घाटाखालून घाटावर, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणारी ही माणसे थांबली असती, तर कित्येक गावांचे जेवण अळणी झाले असते.

पुढे इंग्रजांनी मिठावर कर आणि मक्तेदारी बसवली. १८६७मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. जंगल कायद्यांनी बैलांची चराई आवळली. लदेणी बसली. आणि १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. या कायद्याने जमातच्या जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई. तिच्या माणसांची नावे नोंदवहीत लिहायची, हजेरी घ्यायची, पासाशिवाय हलू द्यायचे नाही. वेगवेगळ्या प्रांतांत बंजाऱ्यांचे अनेक गट या यादीत गेले. कालपर्यंत ज्यांचे हिंडणे राज्याच्या कामाचे होते, त्यांचे हिंडणे हाच गुन्हा ठरला. देश १९४७मध्ये स्वतंत्र झाला, पण हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. घटनेने नागरिक ठरवलेली ही माणसे त्यानंतरही अडीच वर्षे जन्माने गुन्हेगार होती. ३१ ऑगस्टला म्हणूनच विमुक्त दिन पाळतात. आणि त्यानंतर अकरा-साडेअकरा वर्षांत, डिसेंबर १९६३मध्ये, पुसदजवळच्या गहुली तांड्यावर जन्मलेले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

वेलस्लीच्या पत्रांत बैल आणि धान्य मोजलेले आहे. बैल हाकणारी बहुतेक माणसे तिथे निनावीच आहेत. १८७१च्या कायद्याखालच्या वह्यांत मात्र माणसे एकेक करून नावानिशी लिहिली गेली. उपयोग झाला तेव्हा समूह आणि संशय आला तेव्हा नाव, ही सरकारी नोंदीची रीत.

भाषेचेही तसेच. परक्या अर्जदाराला आठव्या अनुसूचीतली एक भाषा यावी लागते. १९५०मध्ये त्या अनुसूचीत १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. बंजाऱ्यांची गोरबोली त्यांत नाही. आजीला तो अर्ज कधी करायचा नाही, हे खरे. पण देशाने ‘आपल्या’ म्हणून मोजलेल्या भाषांत तिची भाषा बसत नाही, हे तिच्या नातवाला पुस्तकातून कळते.

योगदानाची यादी देशागणिक बदलते. मेक्सिकोच्या कायद्यात संस्कृती, विज्ञान, कला यांच्याबरोबर तंत्र, खेळ आणि उद्योगही आहेत. फ्रान्समध्ये मे २०१८मध्ये मामूदू गासामा हा मालीचा तरुण चौथ्या मजल्याच्या सज्जातून लोंबकळणारे मूल वाचवायला हातांनी इमारत चढून गेला. सप्टेंबरात तो फ्रेंच नागरिक झाला. करोनाच्या साथीत लोकांपुढे राहून काम केलेल्या परदेशीयांना त्याच देशाने लवकर नागरिकत्व दिले. सप्टेंबर २०२१पर्यंत त्यांची संख्या १२ हजारांवर गेली होती. त्यांत डॉक्टर होते, तसे झाडूवाले, दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या बाया आणि मुले सांभाळणाऱ्या दायाही होत्या. माल पोहोचवणे, कचरा उचलणे हेही देशासाठी केलेले काम आहे, असे एका सरकारने निदान एकदा लिहून दिले.

पोराला दिलेले उत्तर

पुढच्या खेपेला तो पोरगा भेटला, तेव्हा मी त्याला सांगितले, “लदेणी सहाव्या कलमात बसत नाही. आणि तिला तिथे बसवायचं कारणही नाही. ते कलम परक्यासाठी आहे. तुझं नागरिकत्व तिसऱ्या कलमातलं, आजीचं घटनेच्या पाचव्या कलमातलं. तिथं कुणी योगदान विचारत नाही.”

मला हेच आपल्या नागरिकत्वातले सर्वांत मोलाचे वाटते. योगदानावर मिळालेले नागरिकत्व कुणाच्या तरी मतावर उभे असते. पेन यांचा अनुभव तोच सांगतो. जन्माने आलेले नागरिकत्व कर्तबगारी मागत नाही, पदक मागत नाही, थोर माणूस आणि साधा माणूस यांत फरक करत नाही. पंजाबरावांना जी स्वस्ताई खुपली, तीच गरिबाची मिळकत आहे. गेल ऑम्व्हेट यांच्यासारखी माणसे याच बरोबरीच्या ओढीने इथली झाली असावीत, असे मला वाटते.

पण जन्माचा हक्क कागदाशिवाय चालत नसेल, तर ती मिळकत गरिबाच्या हातून निसटते. जातीचा दाखला हा काही नागरिकत्वाचा दाखला नव्हे. तरी खिडकीवरचा प्रश्न एकाच जातीचा आहे: तू इथला कशावरून? जिच्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या हिंडणे हाच धंदा होता, तिला तुम्ही विचारता, २१ नोव्हेंबर १९६१च्या आधी तुम्ही कुठे थांबला होता? थोर परदेशीयासाठी अटी माफ करण्याइतके मोठे मन कायद्याने १९५५मध्ये दाखवले. तेवढे मन घरच्या माणसाच्या कागदासाठी दाखवायला काय हरकत आहे?

पोराने माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, “काका, पण दाखल्याचं काय?”

त्याचे बरोबर होते. मग आम्ही दोघे पायरीवर बसून यादी करू लागलो. आजोबा कुठल्या शाळेत चार दिवस तरी गेले असतील, तिथले दाखल-खारीज रजिस्टर. आजीच्या सासऱ्याने कुणाची जमीन कसली असेल, तर जुना अधिकार अभिलेख. आणि ज्या गावाच्या शिवारात तांडा पावसाळ्यात मुक्काम करी, त्या गावाचे कोतवाल बुक. तिथे जन्म-मृत्यूची नोंद सापडण्याचा संभव असतो. आजीला गावाचे नाव आठवत नव्हते. विहीर आठवत होती, विहिरीजवळची चिंच आठवत होती, आणि त्या मुक्कामात तिच्या नणंदेला मुलगी झाली होती, हेही. “चिंचेखाली झाली बापा ते,” ती म्हणाली, “पानी लागलं होतं.”

पोराने वहीत लिहून घेतले: चिंच, विहीर, पावसाळा. त्याखाली आसपासच्या पाच गावांची नावे. सोमवारी तो तहसीलला जाणार होता.